सात पांढरी, तीन काळी

सायप्रस हे नाव आत्याला लंडनला जाण्याआधीच माहीत होतं. 1965 च्या डिसेंबरात जनरल थिमय्या तिथे वारले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे ते प्रमुख होते. आजोबा फौजेतून निवृत्त झालेले. बातमी वाचून त्या दिवशी ते जेवले नाहीत. "कुणाच्या भांडणापायी गेला आपला माणूस?" एवढंच म्हणाले. चार-पाच वर्षांनी लग्न होऊन आत्या लंडनला गेली आणि हॅरिंगेतल्या एका शिवणकारखान्यात कामाला लागली. आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथे मिळालं.

कटिंग करणारे गृहस्थ ग्रीक सायप्रियट, केरिनियाचे. सायप्रसच्या ग्रीकमध्ये कारागिराला 'मास्त्रे' अशी हाक मारतात, त्यामुळे आत्याचं 'मास्तर' तिथे आपसूक खपून गेलं. ओव्हरलॉकवर बसायची ती तुर्की सायप्रियट. सगळे तिला अब्ला म्हणायचे, म्हणजे थोरली बहीण. पाफोसजवळच्या तिच्या गावात दोन्ही समाज शेजारी राहायचे, म्हणून ती मास्तरांशी बोलायची ती ग्रीकमध्येच. आत्याच्या वाट्याला दोघांचं मोडकं इंग्रजी आलं.

एकदा आत्याने आजोबांचा प्रश्न विचारला. मास्तरांनी टेबलावर दहा बटणं मांडली, सात पांढरी, तीन काळी. "हे आमचं मंत्रिमंडळ." स्वातंत्र्याच्या वेळी बेटावर माणसं सुमारे 5 लाख 73 हजार, त्यांत तुर्की शेकडा 18. ग्रीकांना बेट ग्रीसला जोडायचं होतं, तुर्कांना फाळणी हवी होती. 1959 च्या फेब्रुवारीत झुरिक आणि लंडनमध्ये ठरलं, की दोन्ही नाही. स्वतंत्र देश, ग्रीक अध्यक्ष, तुर्की उपाध्यक्ष, संसदेत 35 आणि 15, सरकारी नोकऱ्यांत 70 आणि 30, दोन हजारांच्या सैन्यात 60 आणि 40. अब्ला मशीन थांबवून आली आणि काळ्या बटणावर बोट ठेवून म्हणाली, "आणि नकार. नकाराचा हक्क. तो नसता तर आम्ही तीन कुठे राहिलो असतो?"

मला हा सगळा इतिहास त्या नकाराभोवती फिरताना दिसतो. अब्लाची भीती खरी होती. पाच माणसांत एकाचं मत रोज हरणारच. पण राज्यघटनेने दोघांच्या हाती 'नाही' दिलं आणि 'हो' म्हणायला भाग पाडेल असं काही ठेवलं नाही. कराचा कायदा मंजूर व्हायला दोन्ही गटांचं वेगवेगळं बहुमत लागे. नोकऱ्यांतला वाटा पूर्ण मिळत नाही म्हणून तुर्की सदस्यांनी 1961 मध्ये करच अडवला. सैन्याच्या तुकड्या मिश्र असाव्यात असं अध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांचं म्हणणं, तर वेगळ्या असाव्यात असं उपाध्यक्ष डॉ. क्युचुक यांचं, त्यांनी नकाराधिकार वापरला आणि ठरलेलं सैन्य उभंच राहिलं नाही. मग पाच शहरांतल्या नगरपालिका. स्वतंत्र तुर्की नगरपालिका घटनेत लिहिलेल्या होत्या, ग्रीकांना त्या फाळणीची पहिली पायरी वाटत. घटना न्यायालयाचे अध्यक्ष जर्मन होते, फोर्स्टहोफ. न्यायालयाने दोन्ही बाजूंचे आदेश बेकायदा ठरवले. कुणीच ऐकलं नाही. 1963 मध्ये फोर्स्टहोफ राजीनामा देऊन निघून गेले.

कचरा कोणी उचलायचा, पट्टी कोणी वसूल करायची, यावरून देश मोडतो का? आत्याच्या माहेरी, कोकणातल्या घरात, एका विहिरीच्या वहिवाटीवरून दोन चुलत्यांची तोंडं वीस वर्षं बंद होती. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही.

30 नोव्हेंबर 1963 ला मकारिओसनी घटनेत 13 दुरुस्त्या सुचवल्या. नकाराधिकार काढून टाकणं हीच त्यांतली पहिली. तुर्कस्तानने त्या फेटाळल्या. 21 डिसेंबरच्या पहाटे निकोसियात पोलिसांच्या झडतीवरून गोळीबार झाला, दोन तुर्की माणसं मेली, आणि शहर पेटलं. दोन्ही गटांनी हत्यारं आधीपासून साठवलेली होती. 30 डिसेंबरला ब्रिटिश मेजर जनरल यंग यांनी शहराच्या नकाशावर दोन समाजांमध्ये हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली. सुमारे 25 हजार तुर्की सायप्रियटांनी घरं सोडून कोंडलेल्या वस्त्यांत आसरा घेतला. अब्लाचं घर त्यांतलंच. ती ओसरीवरच्या द्राक्षवेलीबद्दल सांगायची, दाराला कुलूप न लावता निघालो असं सांगायची, आणि मास्तर ऐकता ऐकता कात्री चालवत राहायचे. "वाईट झालं, पण तेव्हा दोन्हीकडे वेडे होते," म्हणायचे. त्यांच्या मनात देश अजून अख्खाच होता. ज्या गावाला आपण हवं तेव्हा परत जाऊ शकतो, ते मोडलंय हे माणसाला पटत नाही. मी मास्तरांना दोष देत नाही, पण 1974 पर्यंतच्या अकरा वर्षांत ग्रीक बाजूला एकट्याने सरकार चालवायची सवय झाली होती आणि मंत्रिमंडळातल्या तीन तुर्की खुर्च्या रिकाम्या होत्या याची टोचणी उरली नव्हती, हे म्हटल्याशिवाय मला राहवत नाही.

1974 च्या जुलैत ग्रीसमधल्या लष्करी राजवटीने मकारिओसना उलथवलं. पाच दिवसांनी, 20 तारखेला, करारातला हमीदार म्हणून तुर्कस्तानने फौज उतरवली. शनिवार होता, कारखाना अर्धा दिवस चालू. रेडिओवर बातम्या लागल्या. निवेदकाचं भरभर इंग्रजी त्या दोघांनाही झेपेना, म्हणून आत्या एकेक वाक्य सोपं करून सांगू लागली. सैन्य समुद्रातून आलं. उत्तर किनाऱ्यावर. केरिनियाजवळ.

"गिर्ने," अब्ला हळूच म्हणाली. तिच्या भाषेत त्या गावाचं तेच नाव.

मास्तरांचे आईवडील तिथेच होते. कुणीच काही बोलेना. आत्या म्हणायची, माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, ही आता म्हणणार, मी माझ्या घराचं इतकी वर्षं सांगत होते तुला. म्हणाली असती तर कुणी अडवलं नसतं. ती उठली. मास्तरांच्या हातात कात्री होती आणि हात थरथरत होता. तिने ती काढून घेतली, अर्धवट कापलेल्या कापडावर ठेवली, आणि टेबलावरचा दिवा मालवला.