एलेन फाइनस्टाइन : काव्य, कादंबरी आणि अनुवाद यांतील अनुबंध

एकाच लेखकाच्या ठायी कवी, कादंबरीकार आणि अनुवादक अशा तीन भूमिका आढळल्या, तर साहित्येतिहास पहिल्या दोहोंना निर्मितीचा मान देतो आणि तिसरीला पूरक उद्योगाच्या सदरात टाकतो. इंग्लिश लेखिका एलेन फाइनस्टाइन (१९३०–२०१९) यांच्या कारकिर्दीचे आकलन या क्रमाने होऊ शकत नाही. त्यांच्या बाबतीत अनुवाद हाच अन्य दोन्ही वाङ्मयप्रकारांना वळण देणारा व्यवहार ठरला.

लिव्हरपूलनजीकच्या बूटल येथे जन्मलेल्या फाइनस्टाइन लेस्टर येथे वाढल्या आणि केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात शिकल्या. त्यांच्या घराण्याची मुळे ओडेसाच्या ज्यू समाजात होती. आरंभीच्या काळात मात्र त्यांची दृष्टी रशियाकडे नव्हे, तर अमेरिकेकडे लागली होती. कवितेची ओळ श्वासाच्या लयीने ठरावी, असे प्रतिपादणाऱ्या चार्ल्स ओल्सन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. ओल्सन यांनी १९५९ साली त्यांना लिहिलेले पत्र हे त्यांच्या काव्यविचाराचे एक महत्त्वाचे निवेदन मानले जाते. ‘इन अ ग्रीन आय’ (१९६६) हा फाइनस्टाइन यांचा पहिला कवितासंग्रह, तर ‘द सर्कल’ (१९७०) ही पहिली कादंबरी.

१९७१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांनी अनुवादिलेल्या मारिना त्स्वेतायेवा यांच्या निवडक कविता प्रसिद्ध केल्या. त्स्वेतायेवा (१८९२–१९४१) यांनी १९२२ साली रशिया सोडला. बर्लिन, प्राग आणि पॅरिस येथे निर्वासिताचे जिणे कंठून १९३९ साली त्या परतल्या आणि दोनच वर्षांनी येलाबुगा येथे त्यांनी आत्महत्या केली. सोव्हिएत राजवटीत दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या या कवयित्रीचा इंग्रजी वाचकांना व्यापक परिचय झाला, तो मुख्यत्वे या पुस्तकामुळे.

फाइनस्टाइन रशियन भाषेच्या विदुषी नव्हत्या. १९६७ ते १९७० या काळात त्या एसेक्स विद्यापीठात अध्यापन करीत होत्या आणि तेथीलच रशियन साहित्याच्या अभ्यासक अँजेला लिव्हिंगस्टन यांनी पुरविलेल्या शब्दशः भाषांतरांचा त्यांना मोठा आधार होता. या श्रमविभागणीची नोंद पुस्तकातच आहे, ही बाब लक्षणीय होय. भारतीय भाषांत हिंदी वा इंग्रजी या सेतुभाषांच्या आधारे परस्परांचे साहित्य सर्रास अनुवादित होते. परंतु मधला पूल बांधणाऱ्याचे नाव अनेकदा कोठेच आढळत नाही. त्यामुळे अनुवादातील कोणता अर्थनिर्णय कोणी केला, याचा शोध अभ्यासकाला घेता येत नाही. एसेक्समधील या सहकार्याकडे पाहावयाचे ते या दृष्टीने.

त्स्वेतायेवा यांची कविता घट्ट छंद, यमक आणि वाक्य मध्येच तोडणारी अपसारणचिन्हे यांवर उभी आहे. फाइनस्टाइन यांनी कडव्यांची चौकट शक्यतो राखली; यमकाचा आग्रह सोडला; अपसारणचिन्हांच्या जागी अनेक ठिकाणी ओळीतच कोरी जागा सोडली. कोऱ्या जागेला श्वासाचे मूल्य देण्याची ही रीत ओल्सन यांच्या काव्यविचाराशी नाते सांगणारी आहे. म्हणजे रशियन कवयित्री इंग्रजीत अवतरली ती अमेरिकन काव्यशास्त्राच्या वाटेने. या पद्धतीवर आक्षेप घेता येतो. छंद व यमक यांचा त्याग म्हणजे मूळ कवितेचाच त्याग, अशी भूमिका जोसेफ ब्रॉडस्की यांनी अनुवादाबाबत सातत्याने घेतली होती. त्स्वेतायेवा यांचा नादबंध येथे क्षीण झाला, हे मान्यच करावे लागते. मात्र भावनेचा आवेग आणि वाक्यरचनेची झेप वाचकापर्यंत पोहोचली.

या अनुवादाने अनुवादकाचीही घडण केली. प्रतिष्ठेची तमा न बाळगता भावना उघडपणे मांडण्याचे धैर्य त्स्वेतायेवा यांच्याकडून मिळाले, असे फाइनस्टाइन मानीत. पती आर्नल्ड यांच्या निधनानंतरचा ‘टॉकिंग टू द डेड’ (२००७) हा विलापिकांचा संग्रह वाचताना या धैर्याचा प्रत्यय येतो. कादंबरीलेखनातही स्थलांतर आणि स्मृती हे विषय अग्रभागी आले. ओडेसा सोडून लिव्हरपूलला आलेल्या दोन ज्यू कुटुंबांची कथा ‘द सर्व्हायव्हर्स’ (१९८२) मध्ये आहे. पुढे त्यांनी त्स्वेतायेवा (१९८७), पुश्किन (१९९८) आणि आख्मातोवा (२००५) यांची चरित्रे सिद्ध केली. ‘द रशियन जेरुसलेम’ (२००८) या कादंबरीत तर त्स्वेतायेवाच निवेदिकेची वाटाड्या होऊन तिला दिवंगत रशियन लेखकांच्या जगात नेते. गद्य आणि पद्य येथे एकत्र नांदतात आणि अनुवाद्य कवयित्री स्वतःच पात्र बनते.

२००९ साली ‘ब्राइड ऑफ आइस’ या नावाने अनुवादांचा नवा, विस्तारित संग्रह निघाला. सोफिया पार्नोक यांना उद्देशून लिहिलेल्या कवितामालिकेची त्यात भर पडली. ज्या कवयित्रीकडे फाइनस्टाइन चाळिशीच्या सुमारास वळल्या, तिच्याकडे त्या जवळपास ऐंशीव्या वर्षी पुन्हा आल्या. चार दशकांच्या या सहवासात प्रभाव कोणाचा कोणावर, हा प्रश्न एकेरी राहत नाही. म्हणून फाइनस्टाइन यांच्या कविता, कादंबऱ्या आणि अनुवाद वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवता एकाच सलग कारकिर्दीचे टप्पे म्हणून वाचणे आणि त्या वाचनात लिव्हिंगस्टन यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा वाटाही मोजणे तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.