घाट, विहीर आणि पाणवठा : आपल्या सार्वजनिक वास्तूंचा वारसा

एखाद्या समाजाचे मोठेपण त्याच्या राजवाड्यांवरून आणि किल्ल्यांवरून जोखण्याची रीत फार दिवसांची आहे. परंतु राजवाडा झाला तरी तो एका घराण्याचा. घाट, विहीर, पार, धर्मशाळा ह्या वास्तू मात्र साऱ्या गावाच्या व वाटेने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या. पूर्वीचे लोक निसर्गाशी कसे वागत, एकमेकांशी कसे वागत, कोणास जवळ करीत आणि कोणास दूर ठेवीत, हे जाणावयाचे असेल तर ह्या वास्तूंपाशीच जावे लागते. स्मरणिकेसाठी काही लिहावे असा चिटणिसांचा आग्रह झाला, तेव्हा आपल्या मंडळाच्या नियोजित वास्तूची चर्चा चालू आहे हे ध्यानी घेऊन आम्ही हा विषय निवडला. आम्ही स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला, तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहोत.

प्रथम वाईकडे वळू. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा डोंगर उतरून सपाटीस लागते, तेथे तिच्या काठी हे गाव वसले आहे. पेशवाईत रास्ते घराण्याने येथे अनेक देवालये उभारली. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली बांधविलेले ढोल्या गणपतीचे देऊळ तर ऐन पात्राला लागून आहे. देवळांहूनही मोलाचे आम्हांस वाटतात ते येथील घाट. नदीचे पाणी ज्येष्ठात एका पातळीवर असते, श्रावणात दुसऱ्या, चैत्रात तिसऱ्या. तिच्या काठी नुसती सरळ भिंत घातली असती, तर गाव आणि नदी कायमची वेगळी झाली असती. पायऱ्यांची गोष्ट निराळी. पाणी चढो वा उतरो, माणसास पाण्याशी नेणारी एक पायरी नेहमी शिल्लक असतेच. पुरात खालच्या पायऱ्या बुडतात, पूर ओसरला की गाळ धुऊन पुन्हा वापरात येतात. बांधणाऱ्याने नदीस अडविले नाही. तिच्या येण्याजाण्याची सोय दगडात करून ठेविली.

आमच्या नोकरीच्या काळात आम्ही एकदा सातवीच्या मुलांस घेऊन वाईस गेलो होतो. गणपतीच्या देवळास वळसा घालून मागे गेल्यावर एका मुलाने विचारले, “गुरुजी, ही भिंत सरळ का नाही बांधली?” प्रश्न मार्मिक होता. त्या देवळाची मागील भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर आदळला म्हणजे दुभंगतो व दोहों बाजूंनी निघून जातो; त्याचा सारा भार देवळावर येत नाही. नावेच्या नाळेने पाणी कापावे, तसाच हा प्रकार. मुलास आम्ही एवढेच सांगितले, की बांधणाऱ्याने आधी नदी पाहिली आणि मग भिंत घातली. ते उत्तर देताना आम्हांस मोठा अभिमान वाटला होता.

घाट हे केवळ स्नानाचे स्थान नव्हे. धुणे, पाणी भरणे, संध्या, पुराण, गप्पागोष्टी, गावचे बरेवाईट, हे सारे त्याच पायऱ्यांवर चाले. वाईत सात घाटांचे सात कृष्णाबाईचे उत्सव होतात. माघ-फाल्गुनाच्या सुमारास, पाणी उतरलेले असते त्या दिवसांत, घाटाघाटाची पाळी लागते. देवीची स्थापना होते, कीर्तने होतात, प्रसादाच्या पंक्ती उठतात. पावसाळ्यात जी जागा नदीची, तीच हिवाळा सरताना माणसांची होते. ऋतूंचे चक्र, दगडाची बांधणी आणि गावचा उत्सव ह्यांचा असा मेळ पडला, म्हणूनच त्या जागेस जिवंतपणा आला.

वाईहून कृष्णेच्याच खोऱ्याने साताऱ्याकडे खाली आले, म्हणजे लिंब हे गाव लागते. तेथील विहीर बारा मोटेची विहीर म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात तिला मोटांच्या जागा पंधरा आहेत. छत्रपती शाहू महाराजांच्या काळी, शके 1641 ते 1646 म्हणजे इ.स. 1719 ते 1724 या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली असे तेथील शिलालेखावरून सांगतात. सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट रुंद अशी ही अष्टकोनी विहीर आमराईस पाणी मिळावे म्हणून खोदली. पाणी काढण्याचे काम म्हटले, की धाव, मोट, नाडा आणि थारोळे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. येथे मात्र विहिरीच्याच पोटात कमानींचे दालन बांधिले आहे. भर वैशाखात त्या दालनात उतरावे. पाण्याच्या सान्निध्याने अंगास गारवा लागतो. वर बैलांनी राबावे, खाली माणसांनी विसावावे, आणि दोहोंच्या श्रमाने आमराई वाढावी, असा तिहेरी विचार एकाच बांधकामात केलेला दिसतो.

येथवर लिहून थांबलो असतो, तर लेख वाचकांस गोड वाटला असता. परंतु वाईच्या त्याच सहलीत दुसऱ्या एका मुलाने दुसरा एक प्रश्न विचारला होता. घाटाच्या पायरीवर बसून शिदोरी सोडताना तो हळूच म्हणाला, “गुरुजी, आमच्या आजोबांना इथे बसू दिले असते का?” तो मुलगा पूर्वी अस्पृश्य गणलेल्या समाजातील होता. आम्ही त्यास उत्तर दिले नाही. “आधी जेवून घे,” असे म्हणून विषय टाळला. इतिहासाच्या शिक्षकाने इतिहास टाळला, ही खंत आम्हांस आजही आहे. म्हणून ते उत्तर येथे देत आहोत.

उत्तर असे, की नसते बसू दिले. पाणवठा गावाचा असे, पण गाव म्हणजे सारी माणसे असे मानले जात नसे. वाईच्या पश्चिमेस दिसणाऱ्या डोंगररांगा ओलांडून कोकणात उतरले, म्हणजे महाड लागते. तेथील चवदार तळ्याची हकीकत सर्वांस ठाऊक असली, तरी तिचा क्रम ध्यानी ठेवण्याजोगा आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 1923 साली संमत केला. 1924 साली महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे आपले तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही त्या पाण्यास हात लावणे कोणास शक्य झाले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यापायी त्यांच्या लोकांस मार खावा लागला, आणि सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास 1937 साल उजाडले. ज्या तळ्यावर गुरेढोरे बिनदिक्कत पाणी पीत, तेथे माणसास ओंजळ भरण्यासाठी दहा वर्षे न्यायालयात झगडावे लागले!

26 जानेवारी 1950 रोजी अंमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा ह्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणाने तेथे कोणास मज्जाव करता येत नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात घाट आणि विहीर ह्यांची नावे घालावी लागली, ह्यातच आपल्या पूर्वजांच्या थोरवीची आणि उणिवेचीही साक्ष आहे. त्यांनी निसर्गास ओळखले, बसण्यासाठी ओटा दिला, पाण्यापर्यंत वाट दिली. त्या वाटेने कोणी यावे, हे ठरविताना मात्र ते चुकले. पुराच्या पाण्यास जागा देणाऱ्या पायऱ्यांवर शेजारच्या माणसास जागा नव्हती.

आता आपल्या नियोजित वास्तूविषयी दोन शब्द. कार्यकारी मंडळाने दाखविलेला आराखडा आम्ही पाहिला. सभागृह प्रशस्त आहे, ह्याबद्दल संबंधितांचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु आवारातील जुना कडुनिंब गाड्या उभ्या करण्याच्या जागेसाठी तोडावयाचा आहे, भोवती पुरुषभर उंचीची भिंत घालावयाची आहे, आणि वाचनालय केवळ ज्ञातिबांधवांच्या मुलांसाठी राखावयाचे आहे, हे पाहून मनास चुटपूट लागली. आमची नम्र सूचना अशी : कडुनिंब राखावा व त्यास पार बांधावा. रस्त्याच्या बाजूस भिंतीऐवजी ओटा असावा, म्हणजे बाजारास येणाऱ्या म्हाताऱ्या माणसास घटकाभर टेकता येईल. गच्चीवरचे पावसाचे पाणी गटारात न सोडता आवारातील बुजत चाललेल्या विहिरीत घ्यावे. पिण्याच्या पाण्याचा नळ दाराबाहेर असावा. आणि वाचनालयात वस्तीतील कोणत्याही मुलाने यावे, बसावे, वाचावे.

खर्च थोडा वाढेल, दोन गाड्यांची जागा कमी होईल, हे आम्ही जाणतो. ज्ञातीच्या पैशातून बांधलेली वास्तू इतरांस का द्यावी, असेही कोणी विचारतील. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे, की ज्या बंधूंनी गरिबीत दिवस काढून वर्गणी दिली, त्यांची मुले कोणाच्या ना कोणाच्या ओट्यावर बसून, कोणाच्या ना कोणाच्या दिव्याखाली शिकली. आम्ही स्वतः त्यांतलेच एक. सर्वसाधारण सभेपुढे हा विषय येईल, तेव्हा बंधुभगिनींनी त्याचा शांतपणे विचार करावा, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.