वेंगुर्ल्याचे खडक : समुद्रपक्ष्यांचा इतिहास आणि होडीचे पंचांग

१/ राळेगावहून अरबी समुद्र सरळ रेषेतही सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. तरीही विदर्भातील मोठ्या जलाशयांवर आणि नद्यांवर पाण्यावर सूर मारणारा नदी सुरय आपण पाहिलेला असतो. त्याचेच भाऊबंद भर समुद्रातील ओसाड खडकांवर वीण घालतात. त्यांचा इतिहास कसा लिहिला गेला, हे या धाग्यात पाहू.

२/ सिंधुदुर्ग जिल्ह्यात, निवती-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यासमोर खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. इंग्रजी नकाशांत त्याची नोंद ‘वेंगुर्ला रॉक्स’ किंवा ‘बर्न्ट आयलंड्स’ अशी आढळते. १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. तेव्हापासून येथे येणाऱ्या जहाजांना हे खडक टाळावे लागत. पुढे तेथे दीपगृहही उभे राहिले.

३/ खलाशांना धोक्याचे वाटणारे हे खडक पक्ष्यांना मात्र सोयीचे होते. मनुष्यवस्ती नाही, कोल्ह्या-कुत्र्यांचे भय नाही आणि भोवती मासळी मुबलक. सुरय येथे उघड्या खडकावर अंडी घालतात, तर पाकोळ्या गुहांच्या भिंतींना घरटी चिकटवतात.

४/ अडचण पंचांगाची आहे. सुरयांची वीण उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन पावसाळ्यात लांबते. कोकणात मात्र आगोट आली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि पारंपरिक दर्यावर्दी नारळी पौर्णिमेनंतरच पुन्हा समुद्रात उतरतात. पक्षी खडकावर असतात तेव्हा माणूस नसतो. माणूस पोहोचतो तोवर अनेक सुरय खोल समुद्रात गेलेले असतात.

५/ १८७५ च्या प्रारंभी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम सरकारी सर्वेक्षण जहाजातून लक्षद्वीपकडे निघाले. दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्यावरील पक्ष्यांविषयीचा त्यांचा दीर्घ लेख त्यांच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८७६ मध्ये आला. ही सफर हिवाळ्यातली, शांत समुद्रातली होती, हे तो लेख वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

६/ ह्यूम यांचा मोठा ग्रंथ मात्र कधीच झाला नाही. अनेक वर्षांच्या टिपणांची हस्तलिखिते त्यांच्या अनुपस्थितीत सिमल्याच्या घरातून रद्दीच्या भावाने बाजारात विकली गेली. १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२ हजार नमुने ब्रिटिश म्युझियमला दिले. छापलेले आणि संग्रहालयात पोहोचलेले तेवढे टिकले.

७/ १८८० मध्ये जी. डब्ल्यू. विडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली सूची ‘स्ट्रे फेदर्स’मध्येच प्रसिद्ध केली. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी खास वेंगुर्ल्याच्या खडकांवरील सुरय आणि पाकोळ्यांवर १९४० व १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लेख लिहिले. एकाच जागेविषयी पुन्हा लिहिले गेल्याने तुलनेस आधार मिळाला. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीतही अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता.

८/ कायद्यालाही खडकापर्यंत होडीनेच जावे लागते. या पाकोळीचे घरटे मुख्यतः तिच्या लाळेचे असते. पूर्व आशियात अशा घरट्यांचे सूप करतात आणि त्यांना मोठी किंमत येते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००१ च्या सुमारास या खडकांवरील घरट्यांची चोरी उघडकीस आणली. पुढे ही पाकोळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली. अभ्यासक पोहोचत नव्हते त्या गुहांपर्यंत चोर पोहोचत होते.

९/ म्हणून जुनी पक्षिनोंद वाचताना प्रथम महिना पाहावा. ‘पक्षी आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ फेब्रुवारीत एक आणि जूनमध्ये दुसरा होतो. बखर असो वा प्रवासवर्णन, लेखक तेथे केव्हा होता हा प्रश्न सर्वच साधनांना विचारायचा असतो.

१०/ आणि कधी एका दिवसाच्या सफरीला गेलात, तर विणीच्या काळात खडकावर पाय ठेवू नका. पक्षी उडाले की अंडी उन्हात आणि कावळ्या-घारींच्या दृष्टीस पडतात. होडीतूनच पाहा, तारीख, वेळ आणि संख्या लिहा, आणि ती नोंद इतरांना वाचता येईल अशा ठिकाणी ठेवा.