रविवारची वाट न पाहता

रूळ दुरुस्त करायचे तर लोकल थांबवाव्या लागतात, हे रविवारच्या जम्बो ब्लॉकमुळे मालाडकरांना पाठ आहे. सर्व्हरचंही तसंच होतं. लिनक्सच्या कर्नलमधलं भोक बुजवायचं तर मशीन रीबूट करणं भाग. पण माइंडस्पेसमधली रात्रपाळी म्हणजे अमेरिकेतला दिवस. सगळे झोपलेत अशी वेळ शोधायची कुठे? मग पॅच हातात असूनही दार उघडंच राहतं.

एमआयटीतल्या जेफ अर्नोल्डने असाच एक पॅच शनिवार-रविवारवर ढकलला आणि तेवढ्यात कुणीतरी सर्व्हरमध्ये घुसलं. त्यातून २००८ साली 'केस्प्लाइस' आलं. मशीन क्षणभर थबकवायचं, जुनं फंक्शन कुणी वापरत नाही ना ते पाहायचं आणि त्याच्या तोंडाशी नव्या कोडकडे नेणारी उडी बसवायची. तीन वर्षांतल्या ६४ महत्त्वाच्या सुरक्षा-पॅचपैकी ५६ असे जसेच्या तसे बसले. उरलेल्या आठांना थोडा कोड हाताने लिहावा लागला.

२०११मध्ये ओरॅकलने केस्प्लाइस विकत घेतलं. २०१४मध्ये रेड हॅट आणि सुसे यांनी आपापले मार्ग काढले. २०१५च्या लिनक्स ४.०मध्ये दोघांचा सामाईक पाया आला.

मोठ्या बदलांना रीबूट आजही लागतो. फक्त ब्लॉक कधी घ्यायचा, हे आता घुसखोर ठरवत नाही.