वेस्ट, पण कुणाच्या लेखी?

आजचा भाग एका शब्दावर आहे, आणि तो शब्द इंग्रजी आहे. वेस्ट. दिशा नव्हे, कंबर तर नव्हेच. वाया जाणारा वेस्ट.

झालं असं, की मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात हा शब्द मला दोनदा भेटला. सोमवारी ऑफिसच्या रेट्रोमध्ये. आमचा मॅनेजर सध्या लीनवरचं पुस्तक वाचतोय. त्यामुळे टोयोटाच्या ताइची ओनोंनी सांगितलेले सात वेस्ट बोर्डवर लिहिले गेले, आणि मी तीन आठवडे राबून केलेलं, पण कुणीही न वापरलेलं फीचर पहिल्याच खान्यात जाऊन बसलं. म्हटलं ठीक आहे.

शनिवारी गावी गेलो, सोलापूर जिल्ह्यात. ओसरीवर एक एजंट चहा पीत बसलेला. सोलर प्लांटसाठी जमीन भाड्यानं हवी होती. त्याच्या टॅबवर आमच्या माळाचा गट नंबर होता आणि त्यापुढे लिहिलेलं, वेस्ट लँड. बाबांना म्हणाला, "आण्णा, नाहीतरी वेस्टच आहे. चार पैसे तरी सुटतील." बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांना चार पैशांची गरज नाही असं नाही, हे मला माहीत आहे.

परतीच्या एसटीत मी या शब्दाच्या मागे लागलो, तो अजून सुटलेला नाही.

मूळ लॅटिन आहे. वास्तुस, म्हणजे रिकामं, ओसाड. अफाट या अर्थाचा इंग्रजी 'व्हास्ट' हा त्याचाच भाऊ. नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून तो 'वेस्ट' होऊन इंग्लंडात रुजला. तेव्हा त्याचा कचऱ्याशी काही संबंध नव्हता. ओसाड रान, किंवा सैन्यानं बेचिराख केलेला मुलूख, एवढाच अर्थ.

आता इथे एक सरकारी दप्तर येतं. १०६६ मध्ये विल्यमनं इंग्लंड जिंकलं. उत्तरेनं बंड केलं, तर १०६९-७० च्या हिवाळ्यात त्याच्या फौजेनं गावंच्या गावं जाळली. धान्य, गुरं, अवजारं, काही ठेवलं नाही. पुढे १०८६ मध्ये त्यानं साऱ्या राज्याची मोजणी करवली. तेच डूम्सडे बुक. त्यात यॉर्कशरमधल्या शेकडो गावांपुढे कारकुनांनी लॅटिनमध्ये एकच शब्द लिहिला: वास्ता. म्हणजे वेस्ट.

इतिहासकारांचा यावर वाद आहे. एक गट म्हणतो, ही फौजेनं जाळलेली गावं. दुसरा म्हणतो, तसंच काही नाही. तिथून महसूल येत नव्हता, एवढाच त्या शब्दाचा अर्थ, माणसं कदाचित राहतही असतील. मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो. कारण दोन्ही अर्थ धरले तरी दप्तरातला प्रश्न एकच राहतो: यातून आम्हाला काय मिळतं? गावात कुणी जगतंय का, याचा रकानाच नाही.

पुढच्या काही शतकांत इंग्लंडच्या गावागावात 'वेस्ट' ही एक नेमकी जागा झाली. गावाबाहेरचा माळ, दलदल, झुडपी रान. मालकी जमीनदाराची, पण गुरं चारायचा, सरपण गोळा करायचा हक्क गावकऱ्यांचा. आपल्या गायरानाच्या जवळ जाणारं प्रकरण. नावाला वेस्ट, पण ज्याच्याकडे एकच गाय, त्याचं घर त्यावर चालायचं.

मग १६८९ मध्ये जॉन लॉकचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जमिनीत जो कष्ट मिसळतो, ती त्याची. आणि जी निसर्गावर सोडून दिली, नांगरली नाही, ती वेस्ट. त्याच्या डोळ्यांसमोर उदाहरण होतं अमेरिकेचं. हा लॉक कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा सेक्रेटरी राहिलेला माणूस. म्हणजे हा नुसता आरामखुर्चीतला विचार नव्हता. वेस्ट हे आता जमिनीचं वर्णन राहिलं नाही, ती घेण्याचं कारण झालं. खुद्द इंग्लंडात १६०४ ते १९१४ या काळात कुंपणं घालण्याचे ५,२०० हून जास्त कायदे पार्लमेंटनं केले. ६८ लाख एकर, देशाच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त.

मध्येच एक गंमत सांगतो. याच लॉकचा मित्र होता आयझॅक न्यूटन. त्याच्याकडे एक जाडजूड वही होती, तिचं नाव 'वेस्ट बुक'. तेव्हाचे इंग्रज व्यापारी दिवसभराचे व्यवहार आधी ज्या कच्च्या वहीत टिपायचे, तिला वेस्ट बुक म्हणत. तिथून ते कीर्दीत आणि मग खतावणीत जायचे. न्यूटनची वही मुळात त्याच्या सावत्र वडिलांची, बरीचशी कोरी. कागद महाग, म्हणून यानं ती वापरायला घेतली. कॅल्क्युलसची सुरुवातीची मांडणी त्या वहीत आहे. आणि आपल्याकडे गॅरेजमध्ये हात पुसायला जे बनियन वेस्ट लागतं, ते तर किलोवर विकत आणावं लागतं. असो.

खरी गडबड कोर्टात आहे. इंग्लिश कायद्यात वेस्ट हा एक गुन्ह्यासारखा प्रकार. ज्याच्याकडे जमीन फक्त हयातीपुरती किंवा भाड्यानं आहे, त्यानं तिची नासधूस केली, झाडं तोडली, घर पडू दिलं, तर ते वेस्ट. १२६७ आणि १२७८ च्या कायद्यांनी यावर पकड बसवली. नुकसानीच्या तिप्पट भरपाई, शिवाय ती जागाही गेली. यात वर्षानुवर्षं सापडायच्या विधवा, कारण नवऱ्याच्या जमिनीतला ठराविक हिस्सा त्यांना हयातीपुरता मिळायचा. आणि कहर म्हणजे, कुरण नांगरून शेत केलं तर तेही वेस्टच. म्हणजे लॉकच्या लेखी न नांगरलेली जमीन वेस्ट, कोर्टाच्या लेखी नांगरलेलं कुरण वेस्ट. एकाच भाषेत, एकाच देशात.

हे दोन्ही वेस्ट जहाजातून आपल्याकडे आले.

पहिला महसूल खात्यातून. १८३८ मध्ये आसाममध्ये वेस्ट लँडचे नियम झाले, आणि फिरती शेती करणाऱ्यांची रानं चहाच्या मळ्यांना देण्याची वाट मोकळी झाली. १८६१ मध्ये लॉर्ड कॅनिंगनं अशा जमिनी थेट विकायचे नियम काढले. आपल्या मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. मातीचा रंग, खोली बघून आण्यांत प्रत ठरवायची. जो तुकडा पिकत नाही तो बाजूला काढायचा. आजही सातबाऱ्यावर तो 'पोटखराबा' म्हणून दिसतो. यात शेतकऱ्याचा फायदाही होता हे सांगायला हवं, कारण न पिकणाऱ्या तुकड्यावर सारा नाही. खराब हा शब्दही गमतीचा आहे. अरबीत त्याचा अर्थ उद्ध्वस्त, ओसाड. आपल्याकडे येऊन तो 'वाईट' झाला. वेस्टसारखाच प्रवास, दुसऱ्या रस्त्यानं.

दुसरा वेस्ट आमच्या घरातच सापडला.

आजोबांच्या ट्रंकेत १९५२ च्या एका दाव्याची नक्कल आहे. वादी माझे पणजोबा. प्रतिवादी त्यांच्या मयत, विभक्त भावाची बायको. मूलबाळ नव्हतं. घरात सगळे तिला काकी म्हणायचे. तेव्हा हिंदू विधवेला नवऱ्याची जमीन हयातीपुरतीच मिळायची. ही कल्पना इथल्या शास्त्रांतही होती, पण कोर्टात तिला धरायची चौकट इंग्रजी होती. तिच्यामागून ज्यांना जमीन मिळणार, ते वेस्टचा दावा लावू शकत. मराठी नक्कलेत शब्द आहे 'नासधूस'. नासधूस काय, तर बांधावरच्या दोन बाभळी. एकीचं तिनं घराला आढं केलं, दुसरी विकून पत्रे आणले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटत होतं आपण प्रतिवादीच्या बाजूचे असू. नाही. आम्ही वादीचे.

१७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. चौदाव्या कलमानं तिच्या ताब्यातली जमीन पूर्णपणे तिची झाली आणि दाव्यातला दमच गेला. पणजोबांनी तिच्याशी बोलणं सोडलं, ते मरेपर्यंत. आजोबा मात्र तिच्याकडे जेवायला जायचे. शेवटी तिनं जमीन त्यांच्याच नावावर केली. सोलरवाल्यांना हवा असलेला माळ तो हाच.

त्या माळावर गवत आहे. हरळी, पवना, मधूनमधून बोराटी. पावसाळ्यानंतर धनगर येतात, मेंढरं चरतात, मग रानात बसवतात, त्याचं खत आम्हाला होतं. २०१९ च्या सरकारी वेस्टलँड ॲटलसनुसार देशातली सुमारे ५.५७ कोटी हेक्टर जमीन वेस्ट आहे, जवळजवळ १७ टक्के. आमच्यासारखे गवताळ माळ त्यात मोठ्या संख्येनं धरलेले. ज्या माळढोकासाठी १९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य केलं, तो पक्षी अशाच माळावर अंडी घालतो. सौरऊर्जा नको असं मी म्हणत नाहीये. हा भाग रेकॉर्ड करतोय तो लॅपटॉपही विजेवरच चालतो. पण तिथे 'रिकामी जागा' लिहिलं असतं तरी ते खोटंच ठरलं असतं.

परवा कराराचा मसुदा आला, इंग्रजीत. बाबांनी मला वाचायला पाठवला. पहिल्या पानावर मिळकतीचं वर्णन: वेस्ट लँड. अकराव्या पानावर एक कलम: भाडेकरू सदर जमिनीवर कोणतंही वेस्ट करणार नाही. मी दोन्ही वाक्यं बाबांना फोनवर मराठीत करून सांगितली. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे गवत काढलं तर ते कशात धरायचं, ते विचार त्याला."

एजंटला दोनदा फोन केला. अजून उचललेला नाही.