नैसर्गिक काठाचा वाडगा
नैसर्गिक काठाचा वाडगा हे लेथवर कातलेले लाकडी भांडे असून त्याच्या काठावर झाडाची मूळ साल राखलेली असते. युरोपात यासाठी ओकचे ओले लाकूडही वापरतात. ओंडका उभा चिरून त्याचा केंद्रभाग काढून टाकतात, कारण तडे बहुधा तेथूनच पसरतात. सालीकडील बाजू काठ होते. ओंडक्याच्या गोलाईमुळे हा काठ खोगिरासारखा उंचसखल राहतो.

वाळताना ओक त्रिज्येच्या दिशेपेक्षा वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे दुप्पट आकसतो, त्यामुळे वाडगा लंबगोल होतो. भिंतीची जाडी असमान असल्यास ती तडकण्याचा धोका वाढतो. म्हणून लाकूड ओले असतानाच सर्वत्र सारखी, अंतिम जाडी साधतात. हिवाळ्यात तोडलेल्या झाडाची साल अधिक घट्ट टिकते. ओल्या ओकमधील टॅनिनमुळे लोखंडाच्या स्पर्शाने निळसर काळे डाग पडतात.