लाखेची तबकडी आणि लाखांची यंत्रं

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जिथे फार पाल्हाळ झालं ते छाटलंय. सगळं नाही, थोडं राहू दिलंय.

आजचा विषय हाय-फायच्या प्रदर्शनांचा. म्हणजे जिथे लोक तिकीट काढून दुसऱ्याचे स्पीकर ऐकायला जातात. जर्मनीतलं 'हाय एंड' हे त्यातलं मोठं नाव. १९८२ साली सुरू झालं, २००४ पासून म्युनिकला भरायचं, आणि मे २०२५ मध्ये तिथला शेवटचा खेळ झाला. पुढचा मुक्काम व्हिएन्ना. त्या शेवटच्या म्युनिकच्या वर्षी मी गेलो होतो. काचेच्या दालनांत माणसं डोळे मिटून बसलेली, समोर लाखो युरोंची यंत्रं, आणि मधोमध देव्हाऱ्यासारखा टर्नटेबल. मजा येते, खोटं कशाला बोलू.

पण या मजेचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. या खेळात यंत्राची परीक्षा होतच नाही, परीक्षा होते ती ऐकणाऱ्याची. सुरुवात केली एडिसनने. १९१५ पासून साधारण दहा वर्षं त्याच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी 'टोन टेस्ट' घेतल्या. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी फोनोग्राफ. गायिका रेकॉर्डबरोबर गायची, मध्येच थांबायची, पुन्हा गायची. मग दिवे मालवायचे. दिवे लागले की गायिका गायब आणि गाणं चालूच! लोक थक्क. त्या गायिकांपैकी अ‍ॅना केस यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी सांगून टाकलं, की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असत. म्हणजे यंत्र माणसासारखं गात नव्हतं, माणूस यंत्रासारखा गात होता.

पुढचा टप्पा २१ जून १९४८. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात कोलंबिया कंपनीने एलपी पत्रकारांसमोर आणली. एका बाजूला ७८ च्या तबकड्यांची माणसापेक्षा उंच चळत, शेजारी तेवढंच संगीत असलेला एलपींचा हातभर उंचीचा गठ्ठा. फरक डोळ्यांनीच दिसत होता. ७८ च्या एका बाजूवर चारेक मिनिटं, एलपीच्या एका बाजूवर वीसच्या वर. लगेच १९४९ मध्ये हॉटेल न्यूयॉर्करमध्ये पहिला 'ऑडिओ फेअर' भरला, आणि हॉटेलच्या खोल्यांमध्ये यंत्रं मांडायची पद्धत तिथून रुळली. १९५१ च्या मेळ्यात एमरी कुक नावाच्या इंजिनिअरने काय वाजवलं माहितीये? रेल्वेगाड्या! 'रेल डायनॅमिक्स' नावाची त्याची रेकॉर्ड, नुसत्या इंजिनांचे आवाज. गर्दी लोटली. हाय-फायचा शौक आणि संगीताचा शौक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दिवशी सिद्ध झालं, असं माझं मत. इंग्लंडात व्हार्फडेलच्या ब्रिग्जने १९५४ मध्ये लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल भरवून प्रत्यक्ष वादन आणि रेकॉर्ड आलटूनपालटून ऐकवलं. एडिसनचाच खेळ, पण जास्त प्रामाणिकपणे.

आता यात आपण कुठे आहोत? अगदी तळाशी. शब्दशः तळाशी, म्हणजे तबकडीच्या मालात.

७८ ची तबकडी व्हिनाइलची नसायची. ती लाखेची. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात, तोच. बांगड्यांना लागतो, पत्रावर मोहोर उठवायला लागतो. जगातली बहुतेक लाख भारतातून जायची, विशेषतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातून. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली ती उगाच नाही. त्या लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबायचे. भुकटी मुद्दाम खरखरीत, कारण तिने पोलादी सुई घासली जाऊन खाचेच्या आकाराची व्हायला हवी. म्हणूनच सुई दर बाजूला बदलायची. तो जुना खरखराट निष्काळजीपणातून आलेला नाही, तो आराखड्यातच होता.

आणि प्रवास बघा. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान गायल्या. त्या काळातल्या रेकॉर्डच्या शेवटी गायिका इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, कारण साचे जायचे जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या कामगारांना कळायला हवं कोणाची तबकडी आहे. छापून झाली की बोटीने परत. कलकत्त्यात कारखाना आला १९०८ मध्ये. तोपर्यंत लाख इथून जायची आणि गाणं होऊन परत यायची.

दुसऱ्या महायुद्धात ही साखळी तुटली. लाखेची आयात अडली, युद्धाच्या कामालाही ती हवी होती. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठी लाख वापरण्यात सत्तर टक्के कपात केली. नवी रेकॉर्ड घ्यायची तर जुनी मोडीत द्या, अशी दुकानांत पद्धत पडली. १९४३ पासून सैनिकांसाठी ज्या 'व्ही-डिस्क' निघाल्या त्या व्हिनाइलच्या होत्या. वजनाला हलक्या, सहज न फुटणाऱ्या. पाच वर्षांनी एलपी आली ती याच मालात. एलपीला बारीक खाच हवी होती आणि भुकटी घातलेल्या लाखेत ती नीट उठली नसती, हे मुख्य कारण खरंच. पण व्हिनाइलचा हात बसला तो लाखेच्या टंचाईत.

तर म्युनिकला माझ्या पिशवीत, दोन पुठ्ठ्यांमध्ये, बालगंधर्वांची एक ७८ होती. म्हटलं एवढ्या यंत्रांत एकावर तरी वाजेल. तीन दालनांत विचारलं. दोघांकडे ३३ पूर्णांक एक तृतीयांश आणि ४५ एवढेच वेग होते. तिसऱ्याकडे ७८ चा वेग होता, सुई नव्हती. माणसं भली होती, तबकडी हातात घेऊन प्रकाशात फिरवून पाहिली, फोटो काढला.

सुईचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ७८ ची खाच रुंद. तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. ती ७८ वर ठेवली तर भिंतींना टेकतच नाही, तळाला घरंगळत जाते, आणि गाणं तर भिंतींवर कोरलेलं असतं. मग ऐकू येतो नुसता तळाचा कचरा.

त्यानंतरचा घोळ इक्वलायझेशनचा. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबतात, वरचे उचलतात. वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर उलटं करतो. हे किती करायचं याचं एकच कोष्टक १९५४ मध्ये ठरलं, त्याला आरआयएए म्हणतात. त्याआधी ज्याची त्याची रीत. आणि १९२५ पूर्वीच्या तबकड्यांत तर माइकच नाही, भोंग्यात तोंड घालून गायलेलं. त्यामुळे आजच्या फोनो स्टेजमधून नाट्यगीत वाजवणं म्हणजे श्रीलिपीतली जुनी फाइल युनिकोडमध्ये उघडणं. अक्षर न् अक्षर शाबूत असतं, वाचता काही येत नाही.

वेगाचंही तेच. सुरुवातीच्या रेकॉर्ड नावालाच ७८ च्या, प्रत्यक्षात कुठली सत्तरच्या घरात तर कुठली ऐंशीच्या वर. ७८ ऐवजी ७४ च्या आसपास फिरवली तर अख्खा अर्धा स्वर उतरतो. काळी एकची पट्टी पांढरी एक होते. 'त्या काळी किती वरच्या पट्टीत गायचे हो!' असं आपण म्हणतो, तेव्हा ते कौतुक गवयाचं की मोटरचं, हे तपासायला हवं.

हे सगळं नीट केल्याचं मला माहीत असलेलं सर्वांत चोख उदाहरण पृथ्वीवर नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर ज्या सोनेरी तबकड्या गेल्या, त्यांत केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या बाई. नासाने सोबत काट्रिज आणि सुई दिली, आणि वेष्टनावर कोरलं की एक फेरा ३.६ सेकंदांत फिरवा. परग्रहावरच्या माणसाला सेकंद कळणार नाही म्हणून ते माप हायड्रोजनच्या अणूच्या हिशोबात दिलंय.

आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेत यातलं काहीच नसतं. म्हणून घरात जुन्या तबकड्या असतील तर एवढं करा. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. एलपीची सुई लावून 'चालतेय का' बघू नका. सगळ्यात आधी मधलं लेबल आणि त्याच्या कडेला कोरलेला आकडा यांचा फोटो काढून ठेवा. पुसायच्या असतील तर स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश असंच बनतं. साधं डिस्टिल्ड पाणी, मऊ कापड, खाचेच्या दिशेने, आणि लेबल कोरडं ठेवून.